कोटा भरला, कोठा भरला

नाशिक,
रविवार, १९ डिसेंबर २००४

प्रिय सोमनाथ,

इकडे सर्व कुशल आहे. आईंचा गुडघा थंडीने कुरकुरतो आणि त्या त्याच्यापेक्षा थोड्या अधिक कुरकुरतात, एवढेच. सकाळी धुके इतके दाट उतरते की गच्चीवरून रस्ता दिसत नाही, दूधवाल्याची सायकल नुसती ऐकू येते. अशा धुक्यात तुला लिहायला बसले की तुझे अमेरिकेतले एडिसन गंगापूर धरणाच्या पलीकडच्या काठावर असावे असे वाटते.

परवा फोनवर तू विचारलेस, एक जानेवारीपासून कपड्यांचा कोटा उठतोय म्हणजे तुमची चांदीच ना? तुझा प्रश्न एका वाक्याचा होता, उत्तर मात्र एका पत्राचे आहे. बायको पत्रातही तास घेते म्हणून हसू नकोस. कॉलेजात दरवर्षी हे शिकवते आणि दरवर्षी या विषयाच्या नव्याने प्रेमात पडते.

असे समज, लासलगावच्या बाजाराने ठरवले की यंदा येवल्याकडून इतकेच ट्रॅक्टर आत येतील, चांदवडकडून इतकेच. कांदा कितीही उत्तम असो, आकडा पुरा झाला की फाटक बंद. श्रीमंत देशांनी आपल्यासारख्यांच्या कपड्यांबाबत गेली तीस वर्षे हेच केले. प्रत्येक देशाला मर्यादा, आणि त्यातही सुती शर्टांना वेगळी, पायजम्यांना वेगळी. त्यांच्या गिरण्यांना सावरायला सवड मिळावी, म्हणून केलेली ही तात्पुरती सोय. तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य केवढे असते पाहा! देशाच्या वाट्याला आलेला कोटा पुढे निर्यातदारांत वाटला जातो. पूर्वी ज्याने अधिक पाठवले, त्याला अधिक. आमच्या अंबडच्या शिवणशाळेसारख्या नवख्यांनी तो दुसऱ्याकडून विकत घ्यायचा. कापड आपले, सुई आपली, हात आपले. शर्ट पाठवण्याचा हक्क तेवढा बाजारातून आणायचा.

गेल्या महिन्यात मी कॉलेजात असताना मुंबईच्या एजंटाचा फोन आला. तो तानुबाईंनी घेतला. शिवणाऱ्या बायकांत त्या सर्वांत जुन्या, मूळच्या येवल्याकडच्या. मी पोहोचले तेव्हा सगळ्याजणी गूळशेंगदाणे खात होत्या. तानुबाईंनी माझ्याही हातावर खडा ठेवला आणि म्हणाल्या, "मुंबईचा निरोप हाय बाई. कोठा भरला."

त्यांच्या गावात कोठा म्हणजे धान्याचा. तो भरला की वर्षाचा घोर मिटला. एजंट म्हणाला होता, कोटा भरला. म्हणजे बांधून ठेवलेली सगळी खोकी यंदा इथेच राहणार.

गूळ तोंडात विरघळू दिला, मग सगळे समजावून सांगितले. तानुबाई म्हणाल्या, "मंग ह्या गुळाचं काय करायचं? खाल्लाय तो तर खाल्ला." त्यावर जे हसू फुटले ते बराच वेळ थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्वप्न पडले. आमचे शर्ट खोक्यांतून निघून समुद्रावरून चालले होते, रिकाम्या बाह्या हलवत, एकमेकांना सांभाळत. पलीकडच्या काठावर तू उभा होतास आणि एकेकाची कॉलर पाहून त्याला बाजूला करत होतास. तू शर्ट शोधत नव्हतास.

आता उत्तराचा दुसरा भाग. कोटा ही भिंत आहे, हे सगळेच सांगतात. पण भिंतीला आडोसाही असतो. मोठ्या कारखानदारांचे कोटे भरलेले असत, म्हणूनच आमचा ग्राहक शोधत शोधत नाशिकपर्यंत आला. फाटक सताड उघडले की बाजार आधी कोणाच्या ट्रॅक्टरांनी भरेल? चीनमधले कारखाने आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीएवढे मोठे आहेत म्हणतात. जानेवारीनंतरच्या मागणीविषयी ग्राहक "विचार करून कळवतो" असे लिहितो. धुक्यात उभी असलेली भिंत उद्या नसेल, आणि तिच्या आडोशाला बसलेल्या आम्ही असू.

तानुबाईंनी काल विचारले, "एक तारखेनंतर तुम्ही हायेत ना बाई?" मी त्यांना चहा गार होईपर्यंत कोट्याची सगळी व्यवस्था समजावली. त्यांनी सगळे मन लावून ऐकले आणि म्हणाल्या, "ते झालं. तुम्ही हायेत ना?"

सोमनाथ, तू तिथला कायमचा रहिवासी, ग्रीन कार्डवाला. लग्न होताच व्हिसासाठी माझा नंबर लावलास. दरवर्षी इतक्याच बायका, हाही कोटाच. दरवर्षी निरोप यायचा की यंदाचा भरला. मी तुला फोनवर हळहळून सांगायचे, आणि ते खोटे नव्हते. पण आत कुठेतरी मलाही तानुबाईंसारखे "कोठा भरला" असेच ऐकू यायचे. आणखी एक वर्ष ही यंत्रांची घरघर, हा वर्ग, हे धुके. रांग होती तोवर मला निवड करावी लागत नव्हती.

आता नंबर लागला आहे. मुलाखतीचे बोलावणे येऊन पंधरवडा झाला आणि फोनवर मी तुला आईंच्या गुडघ्याविषयी सांगत राहिले.

मी येत नाही. फाटक उघडत असताना या बायकांना सोडून निघणे मला जमणार नाही. शिवणशाळा तगेल की नाही, हे माझे अर्थशास्त्र सांगू शकत नाही. आणि हे लिहून झाल्यावर लक्षात आले, तुला इकडे यायला कोणाचाच कोटा कधी नव्हता.

सोबत एक शर्ट पाठवते आहे. तो भेट आहे, मोजणीत धरत नाहीत. माप आठवणीतले आहे, तेव्हा चुकले असणार. घट्ट झाला तर टाकून देऊ नकोस. आतली शिवण उसवून पाहा, जादा कापड आत दुमडले आहे. तानुबाई म्हणाल्या, दूरच्या माणसाला शिवताना माया जास्त सोडावी. तेवढी सोडली आहे.

आता रांगेत नसलेली, तुझीच,
योगिनी