प्रवाळांचा अहवाल आणि आपला दुसरा माग

आप्पा, गेल्या महिन्यात आमच्या कामाचा निकाल लागला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकतच होते, त्यामुळं पुढं मी काय करायला लागले ते तुम्हाला कळलंच नाही. आधी तेवढं सांगते. मालवणच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ असतात. दिसायला दगड नाहीतर झुडूप, पण आहेत जिवंत प्राणी, बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून राहिलेले. त्यांच्या आडोशाला मासे वाढतात. होड्यांचे नांगर पडून, वादळात सापडून ते मोडतात. मोडलेले तुकडे गोळा करायचे, सिमेंटच्या चौकटींवर बांधून परत खाली ठेवायचे आणि ते धरतात का बघत राहायचं, हे माझं काम. त्यासाठी सरकारचं अनुदान मिळालं होतं. होडी चालवणारे एक तांडेल काका आणि मच्छीमार वस्तीतल्या चार बायका माझ्याबरोबर होत्या. बायका होडीत पाण्याच्या टबापाशी बसून तुकडे बांधायच्या, मी चौकटी घेऊन खाली जायची.

समुद्र मी पहिल्यांदा तुमच्याबरोबरच बघितला. कारवारला प्रवेश घ्यायचा होता आणि तुम्ही घरचा हातमाग बंद ठेवून माझ्याबरोबर बसमध्ये बसलात. "समुद्रातलं शिकून बेळगावात काय करणार गं तू?" असं तुम्ही खानापूर यायच्या आधी एकदा विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता झोपी गेलात. फॉर्म भरून झाल्यावर आपण वाळूत गेलो. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही चपला हातात घेतल्या आहेत, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलंय, आणि लाट पायावर आली तसे तुम्ही वाकून बोट बुडवून जिभेला लावताय. "खारटच हाय की," तुम्ही म्हणालात. जन्मभर ऐकलेली गोष्ट एकदाची तपासून घेतल्यासारखं. निघताना म्हणालात, "लई मोठं हाय. भिऊ नको." मी भीत नव्हते, आप्पा. तुम्ही भ्याला होतात, मला सोडून जायला.

तर हे अनुदान. पहिला टप्पा नीट झाला तर दुसरा, असं ते होतं, आणि नीट म्हणजे लावलेल्या तुकड्यांतले किती जगले त्यावर. दोन वर्षं छान गेली. तुकड्यांना नवी टोकं फुटली, लहान निळे मासे येऊन राहिले. मी वर येऊन सांगितलं की बायका हसायच्या, जणू त्यांच्या घरचं कुणी परीक्षेत पास झालंय. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात समुद्र फार तापला. मे महिन्यात खाली गेले तर चौकटीच्या चौकटी पांढऱ्या. प्रवाळ पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नसतं, पाणी लवकर निवलं तर तो सावरतो. त्यामुळं त्या मोजणीत सगळे जिवंतच धरले. मग पावसाळ्याचे चार महिने समुद्रात उतरता येत नाही. ऑक्टोबरात गेले तेव्हा बहुतेक तुकड्यांवर शेवाळ चढलं होतं. मी एका चौकटीवरून बोट फिरवलं तर खाली नुसता चुना. पाण्याखाली घालायच्या मुखवट्यात रडता येत नाही, काच धुरकट होते. तरी रडले.

अहवाल द्यायचा होता. माझ्याबरोबर काम करणारे एक सर म्हणाले, "मे महिन्याची मोजणी आहे ना आपल्याकडं? तीच द्या. ती खोटी थोडीच आहे?" खोटी नव्हतीच. तारीख खरी, आकडा खरा, फोटो खरे. मी तसा अहवाल लिहिलासुद्धा. चार दिवस तो तयार पडून होता. त्या चार बायकांची नावं त्यात होती, त्यांची पुढच्या तीन वर्षांची कामं होती. पाचव्या दिवशी मी ऑक्टोबरची मोजणी घातली आणि पाठवून दिला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते हाताला लागलेलं शेवाळ मनातून जाईना, एवढंच.

दुसरा टप्पा मंजूर झाला नाही. समितीनं एक वर्ष नुसत्या निरीक्षणाला दिलं, जे तुकडे जगले ते का जगले हे बघायला. त्याला होडी लागते, बांधणाऱ्या बायका लागत नाहीत. मी वस्तीवर जाऊन सांगितलं. बायकांतली सगळ्यात थोरली, जिच्या गाठी कधी सुटल्या नाहीत, तिनं विचारलं, "मगे आमचां काय, मॅडम?" तिनंच मग पाण्याचा तांब्या पुढं केला. आता ती बंदरावर मासे निवडायला जाते. आणि ऑफिसात सगळे मला म्हणतात, असं खरं लिहायला धाडस लागतं, घरचे संस्कार आहेत.

संस्कार हा शब्द ऐकल्यापासून मला आपला दुसरा माग दिसायला लागला. मी चौथीत होते. सरकारातून हातमागाला अनुदान येणार होतं, पण फक्त चालू मागाला. आपला एकच चालू होता. दुसऱ्यावर काका बसायचा, तो कारखान्यात कामाला निघून गेला तसा तो माग बंद पडला. तुम्ही त्याची जळमटं काढली, जुनंच सूत चढवलं, शेजारच्या मामांना बसवलंत. साहेब आले. "एरडू मग्गा नडीतावा?" दोन्ही माग चालतात का, असं त्यांनी कानडीत विचारलं. "हौद्री, दोन्ही चालत्यात," तुम्ही म्हणालात. मग साहेब माझ्याकडं वळले, कितवीत आहेस विचारलं, आणि हसत म्हणाले, "काय गं, दोन्ही माग रोज चालतात?" मी म्हणाले, "तो बंद असतो. काल आप्पांनी साफ केला." मामांचा हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर तसाच राहिला. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "हुशार आहे पोरगी," आणि वहीत एकच माग लिहिला. तुम्ही त्यांना चहा दिलात. साहेब गेल्यावर मी माराची वाट बघत होते. तुम्ही ताट पुढं सरकवून म्हणालात, "खोटं मी बोललो. तुझं काय चुकलं न्हाय. जेव." त्या दुसऱ्या मागाच्या पैशावर काकाला परत घरी बोलवायचं म्हणून तुम्ही ते केलंत, हे आईनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. काका परत आलाच नाही.

आज रविवार, बेळगावात वडगावच्या आपल्या घरी आलेय. गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू आहे. आईनं आत्ताच दारातून विचारलं, "कुणाला लिवायलीस गं?" मी म्हणाले, ऑफिसचं आहे. तिला वाचून दाखवणार नाही आणि हे कुठं टाकायचं तेही मला माहीत नाही. पण ती मागाची गोष्ट मी आजवर कितीजणांना सांगितली, आप्पा, निरागस पोरीच्या तोंडून खरं निघालं म्हणून. तसं नव्हतं. त्या सकाळी वेणी घालताना आईनं मला बजावलं होतं, साहेबांनी विचारलं तर दोन्ही चालतात म्हणायचं. मला सगळं ठाऊक होतं. साहेबांनी मला हुशार म्हणावं, म्हणून मी बोलले.