बुरुजाची माती

तीर्थरूप परमेश्वर मामांना भक्तीचा वाकून नमस्कार, आणि मामींना त्याहून एक जास्त (गुडघे दुखत असतानाही धपाटे पाठवले म्हणून). तुमचा खोकला कसा आहे? झरीचं जुनं घर पाडून नवं बांधताय, हे कळल्यापासून आई गल्लीभर सांगत फिरते आहे. इकडे सगळे सुखरूप आहोत, गढीचा बुरूजसुद्धा.

त्याचंच सविस्तर लिहायचं आहे. परभणीला वारसा जतनाचं एक दिवसाचं शिबिर झालं. गावातून मी एकटीच गेले (घरातली पहिली पदवीधर म्हणून कागद भरायची सगळी कामं माझ्याकडे येतात, तसं हेही आलं). तिथे दिलेल्या तक्त्यात आपल्या मातीच्या गढीला असलेले धोके भरायचे होते. नैसर्गिक धोके पटकन लिहिले: पाऊस, घुशी, पिंपळाचं रोप. मानवनिर्मितसमोर 'अज्ञात इसम' लिहिलं, कारण उरलेला एकुलता बुरूज कुणीतरी पायथ्याशी रोज पोखरत होतं आणि यंदाच्या पावसात तो बसणार हे दिसतच होतं.

इसमांना पकडायला मी शिट्टी घेऊन बसले. पहिल्या आल्या शेजारच्या चांगुणाबाई, टिकाव-घमेलं घेऊन. घराचं छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरावी लागते आणि ती गढीचीच चांगली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी शिट्टी तोंडाला लावणार तोच त्या म्हणाल्या, "ए भक्ते, बघत काय बसलीस, हात लाव की जरा!" मामा, भरलेलं घमेलं समोर असताना हात कसा लावायचा नाही, हे शिबिरात शिकवलं नव्हतं. मी लावला. संध्याकाळपर्यंत अकरा बायकांच्या डोक्यावर गावचा वारसा मी स्वतः चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी पारावर बायका जमवून गढीचं महत्त्व सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग चांगुणाबाई म्हणाल्या, "तुजा बुरूज ऱ्हाईल माय, पर आमचं माळवद गळायलं तर वर तुजं सर्टिफिकेट हातरावं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

उत्तर ओढ्यात सापडलं. गावातले दिनकरराव स्लॅब टाकायला जुनं घर पाडत होते आणि माळवदाची माती ट्रॉलीने ओढ्यात ओतत होते. तीही गढीचीच, त्यांच्या पणज्याने आणलेली! मी मागितली तर म्हणाले, "ने की बाई, माझी बी ओढ्याची चक्कर वाचली. लय शिकलीस, आन् शेवटी मातीच मागायलीस!" आता ती माती पारापाशी पडते, बायका तिथून नेतात. पंधरा दिवसांत बुरुजाला टिकाव लागलेला नाही. तक्त्यात 'अज्ञात इसम' खोडून मी 'आम्ही' लिहिलं (शिबिराच्या सरांना पटलं नाही, नावं द्या म्हणाले).

थोरांना नमस्कार, लहानांचे लाड मामींनी करावेत.

तुमची भाची,
भक्ती

ता. क. दिनकररावांची माती संपली. सगळ्यांना वाटताना आपलंच माळवद राहिलं, आणि बुरुजाकडे बघायचंही तोंड मला उरलेलं नाही. तुमच्या जुन्या घराची माती टाकून देऊ नका.

ता. क. २. हे पत्र दादांच्या हातीच पाठवते आहे. रिकाम्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर ते जरा लांब उभा करतील. बायकोच्या माहेरी मागायचं कसं म्हणून चहा होईपर्यंत सोयाबीनबद्दलच बोलतील. विषय तुम्हीच काढा. आभाळ भरून आलं आहे.