उशीखालचा नीलम

वृषालीच्या पप्पांना,

साडेसातीसाठी आणलेला नीलम लगेच बोटात घालत नाहीत, आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. वाईट स्वप्न पडलं तर खडा परत करायचा. तुम्हाला तर काय गाढ झोप लागली! "लाभला बघ," म्हणत तुम्ही अंगठी घालून पांडेसऱ्याच्या मिलमध्ये गेलात. त्याच महिन्यात तिथला बॉयलर फुटला.

अंगठी तेवढी धड परत आली. ती तापीत सोडून दे, असं सगळे सांगतात. मी मात्र ती माझ्या उशीखाली ठेवली आहे. वाईट स्वप्न पडावं म्हणूनच ठेवली. भाजलेले, काळे पडलेले, कसेही दिसा, पण दिसा. पण हा मेला खडा मलाही लाभला. उशीला डोकं टेकलं की थेट सकाळच होते.

स्वप्नं पडतात ती शेजारी झोपणाऱ्या तुमच्या आईंना. अंगठीचं त्यांना ठाऊकही नाही. चहा पिताना सांगतात, "भटू उना व्हता." तुम्ही आमच्या उशाशी येऊन बसता म्हणे, त्यांच्याकडे पाणी मागता, घरातलं सगळं विचारता. आज मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्याबद्दल काही बोलतात का?"

"रोजच बोलस," आई म्हणाल्या. "म्हनस, सुषमा थकी जायेल शे, तिले उठाडू नको."

अहो, एकदा तरी उठवा ना मला.

तुमची,
सुषमा