पुलीवरच्या दोन खाचा

प्रिय भाईजान,

सलाम. पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. तू अल्लाकडे जाऊन दोन वर्षं झाली. तू होतास तेव्हाही मी घरी लिहायचो ते भाबीच्या नावाने, कारण तुला वाचता येत नव्हतं. आता तरी तुला कोण वाचून दाखवणार? पण गेल्या जुम्म्यापासून माझी छाती धडधडते. डॉक्टर म्हणतो प्रेशर आहे. प्रेशर नाही. मला माहीत आहे काय आहे ते, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

मी बोकड विकत घेतला.

हो, तोच! आपल्या अरबाबची, मालकाची, हिरवी अमेरिकन गाडी, दोन दारांची, आठ सिलिंडरची. सुरू होताना टक्कर द्यायला निघाल्यासारखी उसळायची, म्हणून तूच तिला बोकड म्हणायचास. अरबाब वारला. मुहर्रकच्या गॅरेजच्या शेडमध्ये ती नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. त्याचा मुलगा ती भंगारात काढत होता, मी म्हटलं, मी घेतो. तो खो खो हसला. "यल्ला इस्माईल! बुड्ढा गाडी, बुड्ढा मिस्त्री!"

का घेतली? तुझी आठवण म्हणून? नाही, भाईजान. तू इथून घरी गेल्यावर माझ्या हातात आली तेव्हापासून ती कधी नीट चालली नव्हती. तापायची. ते मला सलत होतं. तू मेल्यावर तरी मला तुझ्यापुढे जायचं होतं.

तीन शुक्रवार मी तिच्या पोटात डोकं घालून होतो. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल गुळासारखं चिकटलेलं. एअर फिल्टरमध्ये ओंजळभर वाळू. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. कंबर मोडली, एक नट तर बसवताना सात वेळा पडला. पण सगळं नवीन केलं आणि किल्ली फिरवली. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा धूर, आणि तिसऱ्यांदा... शेडचे पत्रे थरथरले! मी एकटाच वेड्यासारखा हसलो.

मग पुस्तकात वाचून, ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून, इंजिनच्या पुढच्या पुलीवरची खूण पट्टीवरच्या बरोबर आकड्यावर आणली. मनामाच्या पुलावर काढली. अर्ध्या पुलावर तापमानाचा काटा लाल पट्टीत. गाडीला ओढ नाही, आत भट्टी. दहा वर्षांपूर्वी होतं अगदी तसंच!

तो दिवस तुला आठवतो ना?

तू पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून टायमिंग बसवलं होतंस. मी नवीन लाइट आणला होता. तुला अक्षर येत नाही आणि मी सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी आकडे वाचणारा! अरबाबला बोलावून मी लाइट मारला. "बघा अरबाब. आकडा इथे, खूण तिथे. ह्याला ऐकूच येत नाही."

अरबाबने खुणेकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "हसन! तुम्हारा कान खलास!"

सगळी शेड हसली. सर्वांत मोठ्याने मी.

तू एवढंच विचारलंस, तेही हळू, "इस्माईल, ही पुली तू काढली होतीस का?"

"नाही."

"नक्की?"

"विषय बदलू नको, भाईजान. कान तपासून घे."

तू पेचकस पुसलास आणि पेटीत ठेवलास. महिन्याभरात तुझा व्हिसा कॅन्सल झाला.

पुली मी काढली होती. तू सुट्टीवर असताना, तेलाची गळती बंद करायला. चुकीच्या पुलरने, बाहेरच्या कडीला धरून ओढली होती. पण त्याने काय होतं हे तेव्हा मला कळत नव्हतं, अल्लाची शपथ. खोटं बोललो ते मात्र कळून बोललो.

आणि सांगू? त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नव्हता. शिकवताना तू माझ्या तळहातावर तापलेला प्लग ठेवला होतास. "कुठल्या सिलिंडरची आग आहे ते हाताला कळू दे," म्हणालास. डाग अजून आहे. मला वाटलं, आज फिटलं.

गेल्या जुम्म्याला मी पुस्तक बाजूला ठेवलं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकातून सळई सोडली आणि पान्याने इंजिन हाताने फिरवलं. पिस्टन अगदी वर आला की पुलीवरची खूण शून्यावर हवी. ती दोन बोटं लांब होती! पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. मी ओढली तेव्हा ते सुटलं होतं, आणि बाहेरची कडी खुणेसकट सरकली होती. लाइट खरं दाखवत होता, पण खोट्या खुणेवर.

मग पुलीवरची, शून्यासमोर आलेली जागा रॉकेलने पुसली. काळं ग्रीस निघालं. खाली छिन्नीने मारलेल्या दोन खाचा.

नाव लिहिता येत नव्हतं म्हणून तू तुझ्या प्रत्येक पान्यावर, चहाच्या मगावर, पत्र्याच्या पेटीवर मारायचास, त्याच दोन खाचा.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. कडी सरकली हे कानाने ओळखलंस, जायच्या आधी खरी जागा शोधलीस, खूण केलीस. आणि गप्प बसलास! खाचा दाखवल्या असत्यास तर अरबाबने विचारलं असतं, पुली कोणी काढली? मग माझा व्हिसा गेला असता. दोघांपैकी एकजण जाणार होता.

मी तुझ्या खाचांवर टायमिंग बसवलं. मनामाला दोनदा जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही. आवाज मोठ्या टोपात भात रटरटावा तसा, एकसारखा.

परतताना पुलावर आनंदात होतो, आणि एकदम एक विचार आला. गाडी कडेला घेतली.

तुझे कान चांगले होते. मग घरी काय झालं?

मी भाबीला लिहिलं होतं, "भाईचे कान गेले, म्हणून अरबाबने पाठवला." सगळ्या घराने ते खरं मानलं. तू हाकेला उत्तर देत नव्हतास, मग कोण शंका घेणार? आठ वर्षं सगळे तुझ्यासमोर बोलत राहिले, तू भिंत असल्यासारखे. भाबी वाढताना म्हणायची, "बहिऱ्याला ऐकू येत नाही, भूक बरी लागते!" आणि मी? सुट्टीवर आलो होतो. तू दोन हातांच्या अंतरावर सुपारी कातरत बसला होतास. मी भाबीला म्हटलं, "हा अजून किती वर्षं काढणार? गेला तर तू सुटशील."

तुझा अडकित्ता थांबला नाही.

त्याच दुपारी शेजारच्या गिरणीकडे पाठ करून तू पुटपुटलास, "पट्टा सैल झालाय." मी म्हटलं, "बघा, ह्याला मनातल्या गिरण्या ऐकू येतात!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला. तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही!

माझी इज्जत राखायला तू आठ वर्षं बहिरा राहिलास का? की दुसरं काही होतं? तूच शिकवायचास, "मशीन बिघडलं की आपण बोलू नये. आपण गप्प बसलो की खोट आपोआप बोलते." आम्हाला तसं ऐकत होतास? एकेकाची खोट शोधत? तर मग हा तापलेला प्लगच झाला, भाईजान! प्लग एकदा ठेवला होतास, हे तर रोज जळतंय.

मी वचन देतो. बकरी ईदला घरी जाईन. मशिदीबाहेर चार माणसांत सांगेन की हसनचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, खोटा मी होतो. भाबीलाही समोर बसून सांगेन. पुलीवरच्या खाचांना कोणाचा हात लागू देणार नाही.

पण एका गोष्टीने मी घाबरलो आहे. परवा फोनवर भाबी म्हणाली, "एक बरं होतं इस्माईल, माझा तोंडाळपणा त्यांच्या कानापर्यंत गेला नाही. त्यावरच मी जगते."

मी खरं सांगितलं तर ती विचारेल, "म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत होतं?"

मी काय सांगू? तुझं नाव राखलं तर ती मरेल. तिला राखलं तर तू बहिराच राहशील. एकदा माझ्यासाठी गप्प बसलास. आता तिच्यासाठी बोल. स्वप्नात ये, नाहीतर कसंही, पण लवकर कळव. मला तिकीट काढायचं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
इस्माईल