ताराच्या झाडावरची चिठ्ठी

६ सप्टेंबर १९७६

आले बाई एकदाची नागपुरात! छप्पन साली आईच्या कडेवर बसून हे शहर पहिल्यांदा पाहिलं होतं म्हणे. आज स्वतःच्या पायांनी, पेटी घेऊन, विद्यापीठात संशोधन करायला आले. विषय आमच्या भिवापूरचीच मिरची! हे ऐकून आई हसतच सुटली. म्हणाली, मिरच्या तोडून तोडून आमची बोटं जळली, अन तुले तिच्यासाठी इतकं शिका लागते काय वं?

विभागाच्या मागे जाळीघर आहे, कुंड्यांतली झाडं तिथे. संध्याकाळी न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, कळीवर बटरपेपरची पिशवी चढवायची, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची. माझ्या चिठ्ठ्यांवर 'प्रेमिला'. दुसऱ्याची चिठ्ठी कधीही सोडायची नाही, असं आमच्या मार्गदर्शक सरांनी आज पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणाले, जिचं नाव तिचं फळ, आणि फळासोबत जे येईल तेही तिचंच. सगळे हसले. मीही हसले.

१५ सप्टेंबर

माझ्यासोबत तारा नावाची मुलगी आहे, धरमपेठेतली. वडील स्कूटरवरून सोडायला येतात, डब्यात रोज काहीतरी तुपातलं. मनगटावर स्टोव्हने भाजल्याचा एक डाग आहे, तोही तिला बांगडीसारखा शोभतो. लहानपणीच्या तापाने तिचं हृदय कमजोर झालंय, जिना चढताना धाप लागते. म्हणून सरांनी जाळीघरात तिच्यासाठी खुर्ची ठेवली. मी दिवसभर उभी! खरं सांगायचं तर मला तिच्या दुखण्याचाही हेवा वाटला.

आईने दिलेल्या वाळल्या मिरच्या तिला दिल्या. तिने एक चावली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वाईट नाही मुलगी. तेच तर अवघड आहे.

१० ऑक्टोबर

तिच्या झाडांना फळं धरली. माझी फुलं गळतात. हात तोच, चिमटा तोच, माती तीच. मिरची माझ्या गावची, आणि पिकते हिच्या हाताला! सर तिला कौतुकाने ताराबाई म्हणतात, मला नुसतं 'तुम्ही'. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय.

दिवाळीनंतर दोघींतली एकच ठेवणार, जिची फळं धरतील ती, असं सरांनी आज सांगितलं. तारा राहिली नाही तर घरी बसून पुस्तकं वाचेल. मी राहिले नाही तर मळ्यात मिरच्या तोडायला. आईने गावभर सांगून ठेवलंय, माही पोरगी डाक्टर होनार, पन सुईवाली नाही, पुस्तकवाली.

२० ऑक्टोबर

दुपारी विभाग रिकामा होता. सगळे दिवाळीच्या खरेदीला सदर बाजारात गेलेले. तिच्या झाडांवरच्या चिठ्ठ्या सोडल्या आणि माझ्या बांधल्या. तिच्या चिठ्ठ्या माझ्या वांझ झाडांना. कोणाचं काही हिसकावलं असंही वाटलं नाही. आपलंच काही परत घेतल्यासारखं वाटलं.

२८ ऑक्टोबर

मी राहिले! सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताराने पाहिलं आपल्या झाडांकडे, मग माझ्याकडे. तिला कळलं असावं. सामान न्यायला येत जाईन म्हणाली.

सर निघताना मला म्हणाले, शाब्बास ताराबाई. चुकून म्हणाले असतील. मला गोड वाटलं.

४ नोव्हेंबर

मनगटावर डाग उठलाय. मी स्टोव्हजवळ गेलेच नव्हते.

जिन्यात तीनदा थांबावं लागलं.

तारा आली होती, धावत जिना चढून. म्हणाली, मले आता काहीच होत नाही वं. मले? ही पोरगी कधीपासून मले म्हणायला लागली? बसून आईने दिलेल्या मिरच्या खात होती, शेंगदाण्यांसारख्या. आणि आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी कसं मचूळ लागतं ते सांगत होती. मी तिच्याशी विहिरीबद्दल कधीच बोलले नव्हते.

९ नोव्हेंबर

फाटकाशी स्कूटर उभी होती. ताराचे वडील मला म्हणाले, चल बेटा, औषधाची वेळ झाली.

मी बसले. का बसले?

त्या घरात माझ्या मापाच्या चपला होत्या.

१३ नोव्हेंबर

सकाळी चिठ्ठ्या परत बदलायला गेले. दोरा देठात रुतलाय, वरून साल चढली आहे. नखाने सोलायला गेले तर छातीत कळ — थांबले. पुन्हा हात लावला — पुन्हा कळ —

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताराबाई, दगदग करू नका. आणि खुर्ची पुढे केली.

मागितलं होतं मीच. खुर्चीसकट.

१६ नोव्हेंबर

आई आली. डोक्यावर गाठोडं, पायांत धूळ. मी खुर्चीतून उठेपर्यंत ती माझ्यासमोरून गेली, सरळ सामान न्यायला आलेल्या ताराकडे, आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, प्रेमिला, किती वाळली वं तू!

मी हाक मारली. तोंडातून 'काकू' निघालं.

आईने वळून पाहिलं. तेच डोळे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला — अनोळखी पोरीच्या पाठीवर ठेवावा तसा — म्हणाली, तुले धाप लागून राहिली बाई, बस जराशी. काहून उठली?

ताराने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी तिच्या फळांकडे पाहायची ना, तसं. माझं ते बघणंही आता तिचं झालंय, आणि मला —

हेवा. पुन्हा हेवाच. माझाच मला.

खुर्चीत बसून लिहिते आहे. त्या दोघी निघाल्या, फाटकाकडे. गाठोडं ताराच्या डोक्यावर. आई काहीतरी सांगतेय, मळ्याचं असेल. मला तो मळा हवा आहे. जळणारी बोटं हवीत, मचूळ पाणी — सगळं — श्वास पुरत नाही —

आई, एकदाच मागे बघ. मी इथे, जाळीच्या आत. तुझी —