आणखी फौज पाठवावी का?

मरोळ, शनिवार, फेब्रुवारी १९६८

आज शाळेच्या हॉलमध्ये आम्हा शिक्षकांचा वादविवाद झाला. अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये आणखी फौज पाठवावी का? चिठ्ठीत माझ्या वाट्याला 'पाठवावी' ही बाजू आली. फौज वाढवली की लढाई लवकर संपेल, असं ठासून बोललो. टाळ्या, पहिलं बक्षीस.

बाहेर पडताना शेजारच्या फिलोमिनाबाईंनी हात धरला. त्यांचा जोसेफ अमेरिकेत शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि नाताळात सक्तीनं फौजेत भरती झाला. हे मला ठाऊक होतं. तरी बोललो!

"मास्तर, म्हणजे आणखी पोरं गेली की माझा जोसेफ लवकर येईल ना?"

केवढा घट्ट धरला होता हात. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती बाजू माझी नव्हतीच, असं?

"मग देवाकडे तेच मागते. आणखी पोरं जाऊ देत." आणि एकदम हात सोडला. "नको मास्तर. त्यांच्यापण आया असतील."

हे लिहून झालं की त्यांच्याकडे जाणार आहे, खरं काय ते सांगायला. पण खरं काय, ते मला तरी कुठं माहीत आहे?