सगुणाच्या कानातल्या कुड्या

आक्का, तुम्हाला धाकल्या जावेचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, मी जिवंत होते तवा शेजारच्या दारात असून कधी चिठ्ठी न्हाई, आन् आता ही कागद घेऊन बसली. पण काल संध्याकाळी आपल्या सगुणाची टीव्हीवरची मालिका संपली. संपली तशी मी उठले, तुम्हाला सांगायला तुमच्या दारापतुर गेले, कडीला हात लावला, आन् मग ध्यानात आलं. वरीस होत आलं तरी माझ्या पायांना अजून कळलेलं न्हाई. परत आले, आन् आज नातीकडनं, पिंकीकडनं, तिची जुनी वही मागून घेतली. तिसरी शिकलेल्या बाईला जमतंय तेवढं लिहिते.

आधी मुद्द्याचं लिहून टाकते, न्हाईतर धीर जाईल. आक्का, तुमचं खरं होतं. सगुणा परत येत न्हाई.

एवढं कबूल करायला मला चाळीसच्या वर वर्सं लागली. थांबा, लगेच पदर तोंडाला लावून हसू नका. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीनं.

मालिका तुम्ही बघायला पायजे होती. आपला जुना सिनेमा ज्या कादंबरीवर होता तीच कादंबरी, तीच नाव वल्हवणारी विधवा सगुणा, तोच नदीवरचा पूल, ज्याच्यापायी तिची नाव बंद पडते. पण काय ती साडी! नाव वल्हवून दमलेली बाई, आन् साडीला इस्त्री. मी वडगाव रासाईची, भीमेच्या काठावर वाढलेली. नावेत बसलं की गुडघ्यापतुर चिखल ठरलेला. हिच्या पायाला धूळ न्हाई. वल्हं तर असं धरलं होतं जशी चुलीपुढची फुंकणीच धरलीय. मी म्हणाले, "हिला नाव न्हाई, पाळण्यात बसवा." तर आमचे हे म्हणाले, "तू जा वल्हवायला, तिला घरी पाठव." या वयात!

आन् एक बातमी सांगायची तर तीन दिवस. सासू सुनेकडं बघते, सून सासूकडं बघते, दार दोघींकडं बघतंय, मग जाहिरात. आपल्या सिनेमात तसं नव्हतं. काळापांढरा होता, पण त्यातल्या सगुणाच्या मानेवरचा घामसुद्धा दिसायचा. बोलायची कमी. बघायची नुसती.

पण एक गोष्ट मालिकेत चांगली केलीय, ती सांगितली पायजे. सून. सिनेमातल्या सुनेला "व्हय आत्या" आन् "न्हाई आत्या" एवढंच काम होतं. ही सून बोलते. नाव बंद पडल्यावर सासूला म्हणते, "आत्या, नदी तुमचीच हाय, पूल आपला करू. पलीकडं भाजी नेऊन विकू दोघी." मला लई आवडलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आमच्या दौंडच्या सुना पहिल्यापासनं अशाच." तुमचं दौंड! तुमचे वडील रेल्वेत, तुमच्या थेटरात खुर्च्या, वर पंखे. लग्न होऊन निमोण्यात येऊन एवढी वर्सं झाली तरी दौंडचा पंखा काही तुमच्या डोक्यावरनं हलला न्हाई.

तो सिनेमा तुम्ही तिथंच बघितला, बाळंतपणाला माहेरी गेला होता तवा. आन् मी बघितला आपल्या निमोण्यात, जत्रेच्या तंबूत, पोतं अंथरून, मांडीवर थोरला. एकच सिनेमा त्या दिवशी आपल्या गावात आन् शेजारच्या गावात लावला होता. तिथं एक रीळ संपलं की माणूस सायकलवर घालून इकडं आणायचा. मधीच थांबायचं, लोक शिट्ट्या मारायचे, शेंगा खायचे, परत सुरू.

मी काय बघितलं ते तुम्हाला हजार वेळा सांगितलंय, तरी परत सांगते. पुलाचं उद्घाटन होतं. सगुणा घरी येते, कानातल्या मोत्याच्या कुड्या काढून सुनेच्या हातावर ठेवते, नाव सोडते आन् जाते. पडदा काळा होतो. बायका हुंदके द्यायला लागल्या. थोडा वेळ गेला, आन् पडद्यावर परत उजेड आला. घरात दिवा, सून दार उघडते, दारात सगुणा उभी. म्हणते, "भाकरी हाय का?" संपलं. आख्खा तंबू टाळ्या वाजवत उठला. मी तर रडून रडून थोरल्याचं टोपरं भिजवलं.

तुम्ही बाळाला घेऊन दौंडहून परत आला. मी म्हणाले, बघितला का शेवट, कशी परत आली? तुम्ही म्हणाला, "कुठं परत आली? गेली ती गेली. रिकामं पाणी दाखवलं आन् संपला."

तिथनं सुरू झालं. भाजी निवडताना तेच, धुणं धुताना तेच.

पण ती "भाकरी हाय का" मात्र आपण दोघींनी ठेवून घेतली, न्हाई का? ते वाक्य तुमच्याही सिनेमात होतं. तुम्ही म्हणायचा, "ते मधी हाय, सगुणा रागानं जाते आन् सांजंला परत येते तवा." मी म्हणायची, शेवटाला हाय. कुठंबी असो, वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, आन् भांडण झालं की जिची चूक असंल तिनं दुसरीच्या दारात उभं राहायचं आन् विचारायचं, "भाकरी हाय का?" माफी म्हणून कुणी तोंड उघडलं न्हाई कवा. भाकरी मागितली की झालं. आज पिंकीनं शिरूरच्या वाचनालयातनं ती कादंबरी आणून मला शेवटची पानं वाचून दाखवली. आक्का, त्यात हे वाक्य न्हाईच. मालिकेतबी न्हाई. सिनेमावाल्यांनी मनचं घातलेलं. आन् आपला आख्खा संसार त्याच्यावर चालला.

आता जे लिहायचं ते जड हाय.

तो कांदे काटणीचा दिवस. हौसाबाई, कलाबाई, आपण, सगळ्या दहा-बारा जणी. परत तोच विषय निघाला. तुम्ही विळा खाली ठेवला आन् शांतपणे विचारलं, "चंद्रे, परत आली तवा तिच्या कानात कुड्या होत्या का?"

मी म्हणाले, "होत्या. चमकत होत्या."

"मग सुनेला दिलेल्या कुड्या परत कानात कशा आल्या?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आन् मी कोंडीत सापडले की माझी जीभ कशी सुटते ते तुम्हाला ठावं हाय. मी म्हणाले, "आक्का, तुम्ही सिनेमा बघितलाच न्हाई. थेटराच्या दारातनं माघारी आला आन् आम्हाला थापा मारताय. खोटारड्या हायत तुम्ही."

बायका हसल्या. हौसाबाई म्हणाली, "दौंडचा सिनेमा!" आन् तिथनं ते चिकटलं. गावात कुणी थाप मारली की "दौंडचा सिनेमा नको सांगू." पोरं म्हणायला लागली, गडी म्हणायला लागले. ज्यांना तुमचं माहेर कुठलं ते ठावं न्हाई तेसुद्धा अजून म्हणत्यात. तुम्हीही हसायचा. त्या दिवशी सांजंला माझी चूक असून तुम्हीच माझ्या दारात आला, "भाकरी हाय का" म्हणाला. मी दिली. बरोबर ठेचा दिला. पण बायकांसमोर बोललेलं बायकांसमोर माघारी घेतलं न्हाई.

आन् मागं एकदा तुम्ही म्हणाला, "चंद्रे, जिना चढताना दम लागतोय गं." मी म्हणाले, "आक्का, दौंडचा सिनेमा नका लावू, पाण्याची कळशी घ्या." तुम्ही हसला आन् कळशी घेऊन चढला. त्याच्यानंतर चांगली चार वर्सं धडधाकट होता, त्यानं काही झालं न्हाई. तरी मला आता ते टोचतंय.

तर काल मालिका संपली. कुड्या दिल्या, नाव सोडली, रिकामं पाणी. मी चिडले. म्हणाले, "ह्या लोकांनी शेवट बदलला. सिनेमात परत येती ती." पिंकी, तुम्ही जिच्या वेण्या घालायचा ती आपली पिंकी, आता रांजणगावच्या कंपनीत जाते, ती म्हणाली, "आज्जी, जुना सिनेमा मोबाईलवर हाय. बघू की." मोबाईल पिठाच्या डब्याला टेकून ठेवला आन् मी, ती, आमचे हे, तिघं बसलो.

आक्का, सगुणा तशीच. माझ्यापेक्षा किती तरणी दिसली. तंबूत बघितली तवा मला मोठी बाई वाटली होती.

सगुणा रागानं नाव घेऊन गेली. सांज झाली. दिवा लागला. सून दार उघडते. "भाकरी हाय का?" कानात कुड्या. चमकत होत्या. आन् मला वाटलं, झालं, संपला, तर पिंकी म्हणते, "अजून वीस मिनिटं हायत." मग पूल. मग कुड्या सुनेच्या हातावर. मग पाणी.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे सुपारी कातरत होते.

मी म्हणाले, "अहो, त्या दिवशी तंबूत रीळवाल्याची सायकल पंक्चर झाली होती ना?"

"व्हय की. चिंचेच्या झाडापाशी. आधीचं रीळ त्याच्याकडं, शेवटचं दुसऱ्यानं मोटारसायकलवर आणून ठेवलेलं. लोक खांब हलवायला लागले, मग मशीनवाल्यानं हाताला होतं ते लावलं."

"आन् मागनं आलेलं मागनं लावलं?"

"मग काय टाकून देतो? लोकांनी तिकिटं काढली होती. 'समाप्त' अशी अक्षरं आली तवा त्यानं भिंगावर हात धरला. मी मशीनपाशीच उभा होतो."

"म्हंजी तुम्हाला ठावं होतं? एवढी वर्सं?"

"तुमच्या दोघींच्या भांडणात कोण पडतंय? मला वहिनींच्या हातची आमटीबी पायजे होती आन् तुझ्या हातची भाकरीबी."

पिंकी हसून हसून लोळली. मलाबी हसू आलं, आक्का, खरंच. आनंदच झाला मला. तुम्ही खोटं बोलला न्हाई, मी खोटं बोलले न्हाई. दोघींनी जे बघितलं तेच सांगितलं. एका पंक्चरपायी निमोण्यानं सगुणाला घरी आणली, आन् झालेला पूल परत कुठं गेला ह्याचंसुद्धा कुणाला कोडं पडलं न्हाई. मालिकेला इतके दिवस मिळाले, इतके रंग मिळाले, तरी त्यांना तिला परत आणता आलं न्हाई.

मग हे झोपायला गेले, पिंकीनं मोबाईल उचलला, आन् मी तिथंच बसले. कारण मला दवाखाना आठवला.

शिरूरच्या दवाखान्यात आत न्यायच्या आधी तुम्ही कानातल्या कुड्या काढल्या आन् माझ्या हातावर ठेवल्या. मी म्हणाले, आत चालत न्हाईत वाटतं, बाहेर आल्यावर घाला. रुमालात बांधल्या आन् पिशवीत टाकल्या. तुम्ही माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चंद्रे, आली असंल गं ती परत. तू बघितलंस म्हंजी आलीच असंल."

मी काय केलं ठावं हाय? मी खूश झाले. मला वाटलं, जिंकले. बाहेर येऊन पोरांना सांगितलं, "आक्कांनी शेवटी हार मानली, आता बऱ्या होत्यात बघा."

तुम्हाला शेवट बरोबर ठावा होता. कुड्या देऊन बाई कुठं जाते ते तुम्ही दौंडला खुर्चीत बसून नीट बघितलं होतं. तरी जाता जाता मला माझाच शेवट देऊन गेला. का आक्का? मी घाबरले असते म्हणून? का मी परत भांडले असते म्हणून?

त्या कुड्या अजून रुमालात होत्या. तुमच्या सुनेला द्यायला नेल्या होत्या मी, तर ती म्हणाली, "काकी, आत्यांनी तुमच्या हातावर ठेवल्यात, तुम्हीच ठेवा." ती मालिकेतल्या सुनेसारखीच हाय, बोलती, आन् बरोबर बोलती. आज सकाळी मी त्या घातल्या. भोक बुजत आलं होतं, जरा रगत आलं, पण गेल्या आत.

आता माझा शब्द घ्या. परवा आपल्या खळ्यात कांदा निवडायला बायका येणार हायत. त्या वेळच्यातल्या हौसाबाई आन् कलाबाई दोघीच उरल्यात, बाकी सगळ्या सुना-लेकी. सगळ्यांसमोर सायकलीची गोष्ट सांगणार हाय, मी कोणाला खोटारडी म्हणाले तेसुद्धा सांगणार हाय, आन् आक्कांचं खरं होतं हे मोठ्यानं म्हणणार हाय. हौसाबाईला कमी ऐकू येतंय, तिच्यासाठी दोनदा म्हणीन. आन् इथनं पुढं माझ्यासमोर कुणी थापेला "दौंडचा सिनेमा" म्हणालं तर त्याला सांगीन, बाबा, दौंडचा सिनेमा म्हंजी शेवटपतुर खरा.

ते एकदा झालं, की मग मी यायला मोकळी. घाई न्हाई, पिंकीचं लग्न बघायचंय. पण येईन तवा तुमच्या दारात उभी राहून काय विचारणार ते तुम्हाला ठावं हाय. या खेपेला चूक माझी हाय, म्हणून विचारायचं मीच. तुम्ही नुसतं दार उघडा आन् आधी माझ्या कानाकडं बघा.

तुमची धाकली जाऊ,
चंद्रा